कंट्रोल रूमवाल्याचा चुलतभाऊ

एकदा मी एका धडधाकट माणसाला मगरीच्या तोंडी दिलं. माझ्या बाजूने एवढंच सांगता येईल की तेव्हा मी अवघी बासष्टीची होते आणि मला झोप अनावर झाली होती. माणूस टीव्हीतला होता. मगर मात्र आपली, बडोद्याची, विश्वामित्रीतली. सातासमुद्रापलीकडच्या बर्फाळ शहरातल्या माणसाला आपल्या नदीतली मगर कशी खाईल, एवढा साधा प्रश्न त्या बाईला पडला नाही. ‘त्या बाईला’ म्हणजे मलाच. पण तिला ‘मी’ म्हणायला आता जीभ रेटत नाही. केस काळेभोर करून हिंडायची, इंग्रजी येतं म्हणून मान ताठ ठेवायची आणि दुपारी चारला बसल्या जागी पेंगायची.

मगरीपर्यंत पोचायचं तर आधी भाऊंच्या घरात शिरायला हवं.

भाऊ आमचे शेजारी. सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत टेनामेंटं, म्हणजे छोटी घरं, जोडीने बांधलेली आहेत. माझ्या ओट्यामागची भिंत तीच त्यांच्या बैठकीची भिंत. इकडे फोडणी पडली की तिकडे ठसका, आणि तिकडे फोन वाजला की इकडे माझा झारा थांबायचा. ते मूळचे जळगावकडचे. विशीत इकडे आले, रिफायनरीत लागले आणि सारी नोकरी कंट्रोल रूममध्ये काढली. तिथे काय करत होतात, असं मी एकदा विचारलं.

“बसत होतो,” म्हणाले.

“नुसते?”

“नुसते नाही, वहिनी. समोर दिवे असायचे. एखादा लाल झाला की बाहेरच्या माणसाला सांगायचं, इकडे जा, तो वॉल्व्ह बंद कर. तो पळायचा. मी बसायचो.”

बसण्याचं हे कसब त्यांनी निवृत्तीनंतर टीव्हीला वाहिलं. इंग्रजीतली एक सुपरहिरोंची मालिका होती, वर्षानुवर्षं चाललेली. दर शुक्रवारी दुपारी चारला भाऊ इस्त्रीचा शर्ट पॅन्टमध्ये खोचून, केस ओले करून, भांग पाडून तिच्यासमोर बसत. सगळे भाग एकदम बघायची सोय होती, पण शुक्रवारी एक म्हणजे एकच. सुरुवातीला ‘मागच्या भागात काय झालं’ ते दाखवतात, ते पुढे ढकललेलं त्यांना चालत नसे. “आधीच्या शिफ्टमध्ये काय झालं हे ऐकल्याशिवाय खुर्चीत बसायचं नसतं,” असं म्हणायचे. भाग चालू असताना बोलायचं नाही, खायचं नाही, फोन उचलायचा नाही. संपला की चहा, आणि चहाबरोबर लीलो चेवडो, इथला तो ओलसर हिरवा चिवडा. भाग भिकार निघाला तर चेवडो जास्त.

मालिकेतल्या कुणाचं नाव ते घेत नसत. ‘उडणारा’, ‘विजेवाली’, ‘भिंतीतून जाणारा’, असं चालायचं. सोसायटीतली गुजराती पोरं त्यांना ‘उडताकाका’ म्हणत आणि त्यांच्या मागे हात पसरून धावत. भाऊ रागवत नसत. उलट थांबून समजावत, “अरे, उडण्यात शुं छे? कोण उडवतो ते जुओ ने!”

उडवणारा होता चष्म्यातला एक साधा माणूस. त्याला शक्ती नाही, पोशाख नाही, पोट थोडं सुटलेलं. तो तळघरात पडद्यांसमोर बसतो, आणि उडणाऱ्याच्या कानात बोलतो: डावीकडे वळ, मागे बघ, आता खाली. भाऊ त्याला ‘कंट्रोल रूमवाला’ म्हणत. उडणारा जग वाचवून आला की सगळे त्याच्या गळ्यात पडत आणि हा माणूस तळघरात एकटा कॉफी पीत बसे. तेव्हा भाऊ मान हलवत. “बरोबर आहे. आमचंही असंच.”

पहिले काही सीझन फार छान होते म्हणे. मग मालिका घसरली. एका अख्ख्या सीझनमध्ये उडणारा उडलाच नाही, सोफ्यावर बसून प्रेमभंगाबद्दल बोलत राहिला. पुढच्यात बहुतेक पैसे संपले असावेत, कारण जगातलं प्रत्येक संकट त्याच एका गोदामात येऊ लागलं. माझ्या नातीने नाक मुरडलं. “आजी, सगळ्यांनी सोडली ती. अजून कोण बघतं?” मी भिंतीकडे बोट दाखवलं.

वाईट सीझन लागला की भाऊ जास्तच वेळेवर बसत. “चांगल्या दिवसात खुर्चीत कुणीही बसेल, वहिनी. प्लांट बिघडलाय, पुढच्या शिफ्टचा रिलीव्हर आलेला नाही, आणि आपण उठून घरी जायचं? असं कुठे असतं?”

हे ऐकायला फार भारदस्त वाटतं. पण खरं कारण प्लांट नव्हतं. खरं कारण कॅनडात होतं.

भाऊंना एकच मुलगी. तिच्या लहानपणी हे शिफ्टमध्ये. हे आले की ती झोपलेली, ती उठली की हे झोपलेले. आई होती तोवर दोघांचं बोलणं आईमार्फत. आई गेली, मुलगी शिकायला परदेशी गेली, आणि रविवारच्या फोनवर दोघांची पंचाईत होऊ लागली. जेवलीस? जेवले. थंडी आहे? आहे. मग नुसता श्वास ऐकू यायचा. एका रविवारी तीच म्हणाली, “बाबा, मी एक मालिका बघतेय. तुम्ही बघा ना, मग आपण बोलू.” आणि बोलू लागले की हो! माझ्या ओट्यामागे दर रविवारी सकाळी बाप-लेकीचा कडाक्याचा वाद चाले. विजेवालीने उडणाऱ्याला माफ करावं की नाही. भाऊ फोन स्पीकरवर टाकून असे बोलत की मला कान लावायची गरजच पडत नसे. लावायचे ते सवयीने.

आणि मग भाऊंचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधलं जातं आणि कडेचं राहतं, तसला तो आजार. दारात माणूस आलाय हे कळे, कोण ते कळत नसे. पडद्यावरची अक्षरं तर पुसूनच गेली. आणि नुसतं कानाने ते इंग्रजी त्यांना समजेना. शब्द तोंडातल्या तोंडात चघळून टाकतात ते लोक. एका शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्या दारात उभे राहिले.

“वहिनी, तुमचं इंग्लिश एकदम सरस आहे म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“तुम्हीच म्हणता.”

अशी मी त्या मालिकेत शिरले. पडद्याखालची अक्षरं वाचायची आणि मराठीत सांगायची. घरून टोमणे सुरू झालेच. “दोन म्हातारी माणसं,” आमच्या घरचे वर्तमानपत्राआडून म्हणाले, “दुपारी पडदे ओढून चड्डीवाल्याला बघतात.” मी सांगितलं की आता ते चड्डी आतून घालतात, काळ बदलला.

त्या दुपारी मला अजून दिसतात. हिरवे पडदे ओढलेले, त्यामुळे खोलीला पाण्याखालचा उजेड. पंखा मंद. बाहेर कबुतरांचं घुमणं, कुठेतरी लांब भंगारवाल्याची हाक, ती रस्त्याच्या टोकाला पोचेपर्यंत विरघळून जायची. समोर निळसर शहर, उंच काचेच्या इमारती, आणि त्यांच्यामधून कुणीतरी सावकाश तरंगत जातंय. मी बोलत असायचे आणि माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटायचा. डोळे मिटत. मिटले तरी तो उडतच असे. फक्त खालचं शहर बदलायचं. काचा जाऊन वडाची झाडं यायची, आमची पाण्याची टाकी, कपडे वाळत घातलेल्या गच्च्या, मग विश्वामित्रीचं तपकिरी, हलतंय की नाही न कळणारं पाणी. वरून बघितलं की काठावरची मगर लाकडाच्या ओंडक्यासारखी दिसते. ओंडका डोळा उघडतो.

“वहिनी? मग? पुढे?”

एका शुक्रवारी मी अशीच दचकून जागी झाले. पडद्यावर पाणी होतं, किंकाळी होती, चष्मा तरंगत होता. आणि त्या बाईने, त्या काळेभोर केसांच्या विदुषीने, ठाम आवाजात सांगितलं, “गेला. कंट्रोल रूमवाला गेला. पाण्यात पडला आणि मगरीने ओढला.”

भाऊ माझ्याकडे वळले. “मगर?”

“मोठी होती.”

“तिकडे मगर असते?”

“असते की!”

त्या दिवशी त्यांनी चेवडो घेतला नाही. टीव्ही बंद करून काळ्या पडद्याकडे बघत बसले. “त्याला सांगणारं कुणी नव्हतं ना,” एवढंच म्हणाले. “तो सगळ्यांना सांगायचा, मागे बघ. त्याला कोण सांगणार?”

आता मला सांगा, इथे तोंड उघडून खरं बोलायला काय हरकत होती? पण ती बाई पडली मानी. झोपले होते म्हणायचं? चेवडो न खाता घरी आली आणि ठरवून टाकलं, पुढच्या शुक्रवारी बघू. सुपरहिरोंच्या मालिकेत मेलेला माणूस परत येतोच. वाचला म्हणू. मगरीचे दात पडलेले होते म्हणू.

मध्ये रविवार आला.

मी डाळीला फोडणी देत होते. भिंतीपलीकडून भाऊंचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा. “बेटा, कंट्रोल रूमवाला गेला ग.”

माझा झारा थांबला. आता ही पोरगी म्हणणार, काहीतरीच काय बाबा, तो पोहून बाहेर आला. माझी अब्रू चालली कॅनडाच्या नदीतून वाहत.

मग तिचा आवाज आला. “हो ना बाबा. मी… मी तर रडलेच.”

“आणि ती मगर…” भाऊ म्हणाले.

“भयंकर होती ती मगर,” लेक म्हणाली.

मोहरी तेलात काळी होऊन गेली तरी मी तशीच उभी. मगर माझी होती. माझ्या डोळ्यांमागून ती बाहेर आलीच नव्हती, मग हिला कॅनडात कशी दिसली? म्हणजे ही बघतच नव्हती! कधी सोडली होती कोण जाणे, पण बापाला सांगितलं नव्हतं. दर रविवारी हो ला हो देत होती. बापाला दिसत नव्हतं, लेक बघत नव्हती, आणि वाचणारी झोपली होती. तिघांची मिळून ती मालिका चालली होती आणि तिघांपैकी कुणीच ती बघत नव्हतं.

पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर नाही आलं. शुक्रवारी मी कंट्रोल रूमवाल्याला जिवंत केला तर भाऊ पहिला प्रश्न काय विचारणार? मग पोरगी रडली कशाला? बोलायला त्यांच्याकडे तेवढं एकच होतं. ते खोटं निघालं तर रविवार पुन्हा जेवलीस-जेवले वर येणार, आणि तेही किती दिवस टिकणार? म्हणजे माणूस मेलेलाच ठेवायला हवा होता.

पण मालिकेला हे कोण सांगणार? शुक्रवारी पडदा उजळला आणि पहिल्याच दृश्यात कंट्रोल रूमवाला, कोरडा ठणठणीत, सँडविच खात बसलेला. आणि बोलायलाही लागला.

“हा कोण?” भाऊंनी विचारलं.

“नवीन माणूस नेमलाय.” माझ्या तोंडून निघून गेलं. “आधीच्याचा चुलतभाऊ.”

“आवाज सारखाच वाटतो.”

“घराण्याचा आवाज असतो, भाऊ.”

“असतो, असतो,” ते म्हणाले. “माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा फोनवर ओळखू यायचा नाही.” मग विचारलं, “काम येतं का याला?”

“शिकतोय.”

“शिकवलं कुणी? शिकवणारा तर गेला.”

“त्याने लिहून ठेवलं होतं सगळं.”

“हुशार होता,” भाऊ म्हणाले.

तिथून पुढे माझा सीझन सुरू झाला. मूळच्यातले संवाद एकीकडे आणि माझे दुसरीकडे. चुलतभावाची मला अशी काही गोडी लागली की स्वयंपाक करताना मी त्याचाच विचार करायची. त्याला मी एक म्हातारी आई दिली. तरसालीसारख्या लांबच्या वस्तीत घर दिलं, तिथून तो बस बदलून तळघरात यायचा. पहिल्या दिवशी त्याने उडणाऱ्याला चुकून उजवीकडे वळवला आणि तो इमारतीवर आपटला. प्रत्यक्षात त्याला कुणीतरी ढकललं होतं, पण माझा आपटला तो चुलतभावाच्या गोंधळाने. भाऊ पुढे सरकून ऐकायचे. मधूनच एखादा नेमका प्रश्न टाकायचे. “चुलतभावाच्या आईला बरं आहे का आता?” “त्याला पगार आधीच्याइतकाच देतात की कमी?” मी घाम पुसत उत्तरं द्यायची. झोप मात्र पार गेली. माझ्या आयुष्यात मी एवढी जागी कधी नव्हते.

आणि रविवारी ते सगळं भिंतीपलीकडून कॅनडाला जायचं. लेक आधी नुसतं हो हो करायची. मग विचारू लागली. “मग बाबा, तुम्हाला काय वाटतं, तो टिकेल?” “आईला सोडून तो इतक्या लांब का जातो रोज?” एकदा भाऊ म्हणाले, “शिफ्ट असते ग. जायचं नसतं त्यालाही.” मग लेक हळूच म्हणाली, “हं.” मी इकडे पोळी तव्यावर तशीच ठेवून बसले होते.

असे किती शुक्रवार गेले, मी मोजले नाहीत. मालिकेचाही शेवट आला. शेवटचा सीझन, शेवटचा भाग. भाऊंनी तो पुरवून ठेवला होता, कारण लेक येणार होती. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आली. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाच्या दुपारी, सगळी सोसायटी गच्चीवर, भोंगे, पिपाण्या, ‘काप्यो छे’च्या आरोळ्या, आणि आम्ही तिघं खाली, हिरव्या उजेडात. पडद्याच्या फटीतून आभाळाची एक पट्टी दिसत होती आणि तिच्यातून कापलेले पतंग एकेक करून तरंगत खाली यायचे, जणू कुणाला कसली घाई नाही.

“आज ही वाचेल,” भाऊ म्हणाले.

पोरगी बापाच्या शेजारी मांडी घालून बसली आणि मोठ्याने वाचू लागली. आवाज चांगला होता, भाऊंसारखाच थोडा घशातला. थोड्या वेळाने पडद्यावर तळघर आलं. चष्मा, सुटलेलं पोट, कानाला यंत्र. सुरुवातीचे सीझन तिने बघितलेले होते. ती त्याला ओळखणार नाही असं कसं होईल?

वाचता वाचता ती थांबली.

“काय झालं ग?” भाऊ म्हणाले.

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. काय काय होतं त्या नजरेत! तुम्ही मेलेला सांगितलात तो हा? आणि माझ्या नजरेत: तू रडलीस ती याच्यासाठीच ना? दोन चोर अंधारात एकमेकांना धडकावेत तशा आम्ही बघत राहिलो. माझे हात आपोआप जोडले गेले होते.

“काही नाही बाबा,” ती म्हणाली. “चुलतभाऊ आलाय.”

“हां. वाच.”

आणि तिने वाचलं. पण पडद्यावरचं नाही. पडद्यावर तो उडणाऱ्याला निरोप देत होता. तिने चुलतभावाला सांगायला लावलं की आता मी रजा टाकतो, आई एकटी आहे, फार वर्षं तिच्याजवळ बसलो नाही. मी बनवलेल्या माणसाला तिने माझ्यापेक्षा चांगलं बोलतं केलं. तळघरातले पडदे एकेक करून विझत गेले. शेवटचा विझला तेव्हा खोलीत फक्त फटीतून आलेली उन्हाची रेघ उरली, आणि वर गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला म्हणून आरोळी उठली. पोरगीने नाक ओढलं. “चहा टाकते,” म्हणून ती घाईने आत गेली. आतून डबे शोधल्याचा आवाज येऊ लागला, उघडझाप, उघडझाप. तिला आता या घरात साखर कुठे असते ते माहीत नव्हतं.

भाऊ काळ्या पडद्यासमोर ताठ बसले होते, शर्टाची घडी न मोडता. मी उठायला लागले. त्यांनी हात पुढे केला, माझी बाही चाचपडून धरली आणि स्वयंपाकघराकडे कान देत हळूच म्हणाले:

“वहिनी, माझे डोळे गेलेत, कान नाही. त्या चुलतभावाने पहिला शब्द काढला तेव्हाच मी ओळखलं, हा आपलाच माणूस. पण पोरगी म्हणाली होती ना, मी रडले म्हणून. मग म्हटलं, राहू दे मेलेला.”